खंडेनवमीचा लॉट

नागापूर, नगर
१२ ऑक्टोबर, रविवार

आक्का,

फोन असता तर तू कापला असता. पत्र कापता येत न्हाई, फाडता येतं. फाडू नको. नाय तर एवढं वाचून फाड: दाजींना सांग, रस आटवायच्या पहिल्या टाकीला, तुमच्या त्या बॉडीला, जी नवी काच बसवलीय, नाय तर बसवनारेत, तिच्यापुढं तोंड न्यायचं न्हाई. ओल्या फडक्यानं ती पुसायची न्हाई. जमलं तर काढूनच ठेवायची.

झालं. आता बाकीचं.

पाकिटावर दाजींचं नाव टाकलंय अन कारखान्याचं, कारन तुझ्या क्वार्टरचा पत्ता मला ठाव न्हाई. मी त्यांना दाजी म्हनते हे तुला कसं वाटंल कुनास ठाव. मनातल्या मनात लई दिवस म्हनते. लिहून पयल्यांदाच बघितलं.

आमी आता जामखेडला न्हाई. आबाची कंबर गेली, कोयता सुटला. नागापूरला खोली हाय अन मी एमआयडीसीत काचेच्या कंपनीत जाते. खिडकीची काच न्हाई, बांगडीची न्हाई. जाड, गोल, भाकरीएवढी. बॉयलरला, साखर कारखान्याला, औषधाच्या टाक्यांना लागती, आत काय उकळतंय ते बघायला. आपन ऊसतोडीला आलतो, पाचटाच्या कोपीत राहायचो, तवा तू मला गुपचूप कारखाना दाखवायला नेलंतं. दाजींनी (तवा ते दाजी नव्हते) मला स्टुलावर उभं करून गोल खिडकीतनं रस दाखवला. पिवळा, गदागदा उकळनारा. त्या खिडकीची काच.

माझं काम पेटीचं. काळी पेटी असती, आत बल्ब, अन दोन बाजूंनी गॉगलसारखे काळे कागद. मधी काच धरायची अन बघायचं. चांगली काच काळी दिसती, काळीशार, जशी तिथं न्हाईच. जिच्यात तान राहिलाय ती चमकती. पिवळी, नारंगी, कडंला निळी. जितकी देखनी तितकी वाईट. पेटीबाहेर दोन्ही सारख्याच, पान्यासारख्या. मला हे काम बरं वाटतं, बोलावं लागत न्हाई. "काळी" नाय तर "रंग", एवढंच. पॅकिंगमधली सविता मला मुकीच म्हनती.

तर खंडेनवमी. त्या आठवड्यात लाईटीनं लई छळलं. जो लॉट सुट्टीआधी गार होऊन निघायचा तो भट्टीतच राहिला. साच्यात दाबलेली काच लगेच हवेत ठेवत न्हाईत. गार करायची भट्टी येगळी असती. तिच्यात ठेवून आच हळूहळू उतरवत्यात, तापून आलेल्या मानसाला घाम जिरवून मंग पानी द्यावं तसं. घाई केली तर बाहेरचं अंग आधी गार हुतं, आतलं तापलेलंच राहतं. मंग आतलं आखडाया लागलं की बाहेरच्याला ओढतं. ते ओढनं तसंच थिजून बसतं, आक्का. काच कायमची ओढलेली राहती.

त्या दिवशी सकाळी शेटच्या आई आल्या, विजयमाला काकू. यंत्रं धुतलेली, झेंडूच्या माळा, लिंबं, सगळं मांडलेलं. काकू गार करायच्या भट्टीपाशी थांबल्या.

"ही चालू का रं?"

"आत माल हाय काकू," कुनीतरी म्हनलं.

"आज लोखंडाला इसावा असतो. वर्षभर राबवता, एक दिवस निजू द्या की तिला. बंद करा." कुनी हललं न्हाई. मंग म्हनल्या, "अन दार उघडा. तापल्या दारावर माळ घातली तर करपून जाईल. शोभतं का ते?"

शेट मोबाईलवर हुते. हातानंच खूण केली, करा म्हनून. दार उघडलं. गरम हवा अशी आली की ताटातला कापूर इझला. काकूंनी परत पेटवला. आमी हात जोडून उभे, अन आतनं बारीक टिक, टिक असा आवाज येत हुता. सगळ्यांना वाटलं भट्टी निजली.

गोरक्षनाथ सर म्हंजे आमचे सुपरवायझर. ते त्यांच्या घरची पूजा उरकून आले. उघडं दार बघितलं अन हातातला पेढा तसाच राहिला. काकू गेल्यावर मला म्हनले, "पेटी लाव." एकेक काच धरली. सगळ्या मोरासारख्या.

"हा लॉट परत तापवायचा अन परत हळू उतरवायचा," सर म्हनले. "मंग तान जातो. तोवर हलवायचा न्हाई." खूण करायला मार्कर न्हवता. पेन, मार्कर, पाने, सगळं पूजेत मांडलेलं, त्याला हात लावायचा न्हाई. मंग सरांनी ताटातलं ओलं कुंकू घेतलं अन एकेका काचेवर बोट ओढलं. रॅकच्या खालच्या कप्प्यात ठेवलं.

दसऱ्यानंतर आलो तर कप्पा रिकामा. टेम्पो गेलेला. पोचपावतीवर तुमच्या कारखान्याचं नाव.

कुनी भरला ते ठाव न्हाई.

दाजींना सांग. लगेच सांग.

सृष्टी


२६ ऑक्टोबर

आक्का,

भाऊबीज गेली. आपल्याला भाऊ न्हाई म्हनून तू मलाच पाटावर बसवून ओवाळायचीस, अन आई म्हनायची, "पोरीच्या डोक्यावर टोपी तरी घाल." औंदा आईनं निरांजन लावलं अन तसंच देवापुढं ठेवून दिलं.

तुझं उत्तर न्हाई. येईल असं मलाबी वाटलं न्हवतं. मागच्या येळी मी फोन लावला अन आबानं माझ्या हातातनं हिसकून घेतला, तवा तुझ्या लग्नावरनं तो जे बोलला ते मी बी ऐकलं. तुला वाटत आसंल हे पत्रबी आबाच लिहून घेतोय. तसं न्हाई. आबाला ह्यातलं काय ठाव न्हाई.

जेवायच्या सुट्टीत सविता मोबाईल घेऊन आली. "मुके, हा तुझा दाजी न्हवं? लई भारी रील टाकतो गं." दाजीच हुते. खांद्यावर फडकं, मागं गानं, वर लिहिलेलं: नवा सीझन, नवी काच. मोळी टाकून सीझन सुरू करायच्या आधी पान्यावर चालवून बघत आसतील, कारन बॉडी वाफाळलेली हुती. दाजींनी फडकं बादलीत बुचकळलं, पिळलं, अन काच पुसली. मंग डोळा काचेला लावून आत बघितलं अन तिकडनं वळून डोळा मारला. सविता हसली. माझा घास तोंडातच राहिला.

दाजींच्याच पुढच्या रीलमधी तुझा पार्थ हुता, पालथा पडून वट्याखालची चमचे-भांडी ओढत हुता. सांजच्याला सविताचा मोबाईल मागून आईला दाखवला. आईनं बोटानं स्क्रीन पुसली, जनू त्याचं तोंडच पुसतीय. मंग रील पळाली अन तिला परत आनता येईना.

त्याच्या आधी, दुपारीच, मी सरांपुढं जाऊन उभी राहिले. नुसतीच.

"बोल की. काच खाल्लीस का?"

"खंडेनवमीचा लॉट."

"त्याचं काय?"

"बसवलाय. माझ्या दाजींच्या बॉडीला."

सर शेटच्या केबिनीत गेले. दार अर्धं उघडं हुतं. शेट म्हनले, "आहो सर, आपलं बोरो हाय ते. सरबताच्या गिलासाची काच न्हाई." त्यांनी तिथंच कारखान्याच्या स्टोअरला फोन लावला, आवाज मोठा ठेवून. तिकडचा मानूस म्हनला, "काच एक नंबर हाय शेट. आरशासारखी. असाच माल देत जा." शेट आमच्याकडं बघून हसले. म्हनले, पहिल्या सफाईला कारखाना थांबला की गुपचूप बदलून देऊ, आता कशाला बोंब मारायची.

बोरो म्हंजे काय ते सरांनी मला चहाच्या येळी सांगितलं. साध्या काचेत वाळू, सोडा अन चुना असतो. आमच्या काचेत चुन्याच्या जागी टाकनखार. सोडा अगदी बेतानं, म्हनून ती लवकर इतळत न्हाई, भट्टी पांढरी हुईस्तोवर तापवावी लागती. पन टाकनखारामुळं काच गरमीत फुगत न्हाई फारशी. म्हनून उकळत्या रसापुढं टिकती.

"मंग शेट बरोबरच म्हनत्यात की," मी म्हनले.

"मसाला बरोबर हाय. पन मसाल्यानं नुसतं कूळ कळतं. सोभाव गार हुताना ठरतो."

मी ईचारलं, गाडीची काच तर मुद्दाम हवा मारून झटक्यात गार करत्यात, ती कशी मजबूत? मी एवढं बोलले म्हनून सर माझ्याकडं बघतच राहिले. म्हनले, "ती दोन्ही अंगांनी सारखी फुंकत्यात. तान असतो, पन तोलून धरलेला. इथं एकच दार उघडं हुतं. दाराकडचं अंग येगळं, भिंतीकडचं येगळं."

"कवा फुटंल?"

"ते नाय सांगता येत. आज फुटली न्हाई म्हंजे चांगली, असं नसतं. ती सोसत राहती. मंग येक दिवस वल्लं फडकं लागतं." वरनं म्हनले, "अन पहिल्या बॉडीत वाफेचा दाब असतो. काच आत पडत न्हाई, बाहेर येती. मागनं रस."

तुला भ्या वाटावं म्हनूनच लिहिलंय हे.

अजून एक. आबाबी हितंच कामाला हाय, माझ्याच कंपनीत. पॅकिंगला. हे मागच्या पत्रात राहिलं.

सृष्टी


६ नोव्हेंबर

आक्का,

मोळी पडली. तुमच्याकडं भोंगा वाजला आसंल. बैलगाड्या, ट्रॅक्टर लागले आसतील, अन दाजी बॉडीपुढं आसतील.

मी आबाला ईचारलं. आबा जेवत हुता, आई तव्यापाशी.

"आबा, त्या कुंकू लावलेल्या काचा तुमी भरल्या?"

"भरल्या."

"खालच्या कप्प्यातल्या?"

"कप्प्यातलाच माल भरत्यात. डोक्यावरनं आनू का?"

"त्यावर कुंकू हुतं."

"पुसलं. पूजेचं कुंकू तसंच ठिवून माल धाडत्यात व्हय कुठं? तुझी आई कोयत्याला लावायची, फडात जाताना पुसायचीच की." भाकरी मोडली. "मला कुनी सांगितलं का, ह्या न्हाई भरायच्या म्हनून? तू सांगितलंस?"

न्हवतं सांगितलं. सरांनीबी न्हवतं. पूजेच्या गडबडीत सगळे घरी गेलते.

म्हंजे आबाचं बरोबरच हाय. तसं बघितलं तर बरोबरच हाय. पन खोक्यावर कारखान्याचा कागद आबाच चिटकवतो. त्याला अक्षर येत न्हाई, पन त्या कागदावर वर ऊसाच्या मोळीचं चित्र असतं. तेच चित्र वजनकाट्याच्या पावतीवर असायचं. कितीक सीझन आबा ती पावती टोपीत खोचून फिरला. आबाला ते चित्र वळखायला येतं, आक्का. त्याला ठाव हुतं खोकी कुठं चाललीत.

आईनं तवा उतरवला. "काय झालंय? नीट सांग." मी सांगितलं. माझा आवाज मलाच आला न्हाई, तिनं दोनदा ईचारलं.

"काच हाय," आबा म्हनला. "फुटली तर फुटली. दुसरी बसवतील."

"तिथं माझ्या पोरीचं कुंकू उभं हाय," आई म्हनली.

आक्का, तू गेल्यापासनं घरात पयल्यांदा कुनी तुला पोरगी म्हनलं. आबानं ताटातच हात धुतला अन बाहेर गेला. तवापासनं आमच्याशी बोलत न्हाई. कंपनीत खोकी चिटकवताना बघते मी त्याच्याकडं. तो कागदावरनं हात फिरवतो, परत परत, चिटकला तरी फिरवत राहतो.

मला कळत न्हाई. कुंकू पूजेचं वाटून पुसलं का, का... हे वाक्य पुरं करायचं मला भ्या वाटतं. पेटीत मानूस धरता येत न्हाई.

अजून रील येत्यात. म्हंजे अजून फुटली न्हाई. रोज जेवायच्या सुट्टीत सविताच्या मागं लागते, "लाव की, लाव की." ती म्हनती, "मुकी बोलाया लागली अन बोलती काय तर दाजी दाजी!" हसत्यात सगळ्या. काल रील आली न्हाई. आजबी न्हाई.

मी येते. मला एकटीला एस्टीनं जाता येत न्हाई हे तुला ठाव हाय, कंडक्टरला गावाचं नाव सांगायचं म्हनलं तरी घाम फुटतो. तरी येते. सफाईला कारखाना थांबंल त्या सुमाराला येते, सरांनी चांगली काच द्यायचं कबूल केलंय.

तोवर फडकं कोरडं ठेवायला सांग.

सृष्टी


१८ नोव्हेंबर
तुझ्या दारातनं

आक्का,

मघाशी खिडकीतनं तू मला बघितलंस अन कडी लावलीस. आतनं म्हनलीस, "आबाला जाऊन सांग, मेली मी." मी बोलाया गेले तर पळून अन रडून आवाज पार बसलेला, आत पोचंना. दार वाजवलं, तू मिक्सर लावलास. म्हनून लिहिते. चांगल्या काचेला गुंडाळलेला कागद हाय हा, सुरकुतलाय.

घाईत लिहिते, सगळं वाच.

सकाळी आबानंच मला स्टँडवर सोडलं. काच त्याच्या टावेलात बांधलेली. म्हनला, "मी पेटीत बघितली. काळी हाय. सरांना बी दाखवली." आबानं पेटीला कधी डोळा लावला न्हवता. मंग म्हनला, "ती खूण..." अन एस्टी आली. पुढचं ऱ्हायलं.

गेटवर दाजी भेटले. धड हायेत. तोंड, डोळे, सगळं धड. मी रडले तर वॉचमन म्हनला, "हिला कोन काय बोललं रं?" दाजींनी चहा पाजला. म्हनले, तिन्ही पत्रं त्यांना मिळाली. तुला दाखवली न्हाईत, कारन तू सांगितलंतं, माहेरचं काय आलं तर चुलीत घाला. त्यांनी जाळली न्हाईत, कपाटात ठेवली. अन वाचून घाबरले. इंजिनिअर त्यांना हसला, तरी परवाच्या सफाईत हट्टानं काच बदलून घेतली. जुनी, चांगली हुती स्टोअरला, ती बसवली. मला इतकं हलकं वाटलं आक्का, की मी ईचारनारच न्हवते. उगाच ईचारलं, मंग ती काढलेली काच कुठं टाकली?

"टाकतो कशाला? एवढी जाड, एवढी साफ! घरी नेली. पंकूला, तुझ्या आक्काला, लई आवडली. वट्याची फरशी भांड्यानं काळी पडती म्हनून ती त्यावरच उतरवती सगळं. डाळ, दूध, कुकर."

ते हसत हुते. त्यांना वाटलं धोका बॉडीत हुता, बॉडीतनं निघाला, संपला. मीच तसं लिहिलंतं ना, काढून ठेवा म्हनून. कुठं ठेवा ते लिहिलं न्हाई. ते पाळीवर हायेत, निघता आलं न्हाई, फोन लावला तर तू उचलला न्हाईस. त्यांना क्वार्टर ईचारून मी पळत आले.

आक्का, तान बॉडीत न्हवता. काचेत हाय. ती घरी आली तरी तो तिच्यात तसाच हाय. वल्ल्या वट्यावरची गार काच अन वरनं उकळतं पातेलं, हे ओल्या फडक्याहून वाईट. काल सोसली, सकाळी सोसली, म्हंजे आता सोसंल असं न्हाई.

खिडकीच्या फटीतनं मला दिसतीय ती. गॅसच्या शेजारी. पान्यासारखी. पार्थ खाली बसलाय, वट्याच्या अगदी बुडाशी, हातात झारा. मिक्सर थांबला. दुधाचा वास येतोय, वर यायला लागलंय.

पातेलं उतरवू नकोस. गॅस बंद कर अन पातेलं तिथंच राहू दे. पार्थला आधी उचल.

हे मी दाराखालनं सरकवते. निम्मंच सरकवते, निम्मं हातात धरून हलवत राहते, म्हंजे तुला दिसंल. वाचू नको वाटलं तर नको वाचू. आबाचं समजून फाड. पन फाडायला वट्यापासनं निघून, पोराला घेऊन, हितं दारापाशी ये.